हेरखाते काढा : उपनगरवासी नवशिक्यांसाठी

आपले स्वतःचे एक गुप्तचर खाते असावे, असे अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या प्रत्येक होतकरू माणसाला कधी ना कधी वाटतेच. सोसायटीच्या कमिटीवर एक टर्म काढली की ही इच्छा बळावते. लाजण्यासारखे त्यात काही नाही. या धंद्याला पदवी लागत नाही, अनुभव लागत नाही आणि शहाणपण तर हमखास आड येते.

उदाहरणे मी दोन नामांकित दुकानांतून घेतली आहेत. एक, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने १९६९ साली थाटलेला ‘ब्युरो फॉर स्टेट सिक्युरिटी’. दुसरे आपले घरचे, म्हणजे मुंबई इलाख्यात गोऱ्या साहेबाने चालवलेली सीआयडी आणि तिची पुढची पिलावळ. पहिल्याबद्दल आपल्याला फारसे ठाऊक नसते, कारण भारताने १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या पासपोर्टवर तिथे जायची मनाई छापलेली असे. दुसऱ्याबद्दल ठाऊक नसते, कारण आपण कधी विचारत नाही.

तर वही काढा. नको, वही ठेवा. आठवणीतच ठेवा.

१. आधी संकट ठरवा.

संकट नसेल तर खर्चाला मंजुरी मिळत नाही. ते खरे असलेच पाहिजे असे नाही. जुने, संपलेलेही चालते. इंग्रजांनी ठगांच्या बंदोबस्तासाठी एक खाते काढले होते. ठग कधीच संपले, खाते उरले. १८८७ साली याच ठगी-डकैती खात्यात एक विशेष शाखा उघडून तिला राजकीय बातम्या गोळा करायच्या कामाला लावले. आजचे केंद्रीय गुप्तचर खाते आपला जन्म याच सालापासून मोजते. पुढे १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिफारस केली आणि प्रांताप्रांतात सीआयडी आली.

तुम्हाला हे नवे नाही. पालिकेचे पाणी सुरळीत झाल्यावर तुमच्या सोसायटीची टँकर कमिटी बरखास्त झाली का? तीच आता पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर उतरवून घेते ना?

२. माणसे नीट पारखून घ्या.

नीट म्हणजे उलट्या बाजूने. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा कैवार घेणाऱ्या एका संघटनेत होते म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने काही जणांना कोफीफोन्टेनच्या छावणीत डांबले होते. त्यांतले दोघे पुढे भलतेच वर गेले. जॉन फोर्स्टर पंतप्रधान झाले आणि हेन्ड्रिक फान डेन बर्ग त्या नव्या ब्युरोचे प्रमुख. देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून ज्यांना आत टाकले, देशाची सुरक्षा त्यांच्याच हाती. विनाचौकशी स्थानबद्धतेचा अनुभव आतून घेतलेला असल्यामुळे १९६३ साली नव्वद दिवसांच्या स्थानबद्धतेचा कायदा आणताना त्यांना कोणाकडे चौकशी करावी लागली नसेल.

पारखताना छोट्या माणसांत वेळ घालवू नका. हे वाक्य मी त्यांच्या वतीने लिहितो आहे, कारण त्यांनी तो घालवला नव्हता. ६ सप्टेंबर १९६६ रोजी केपटाउनच्या संसदेत, भर सभागृहात, वर्णभेदाचे शिल्पकार पंतप्रधान फर्वुर्ट यांना दिमित्री त्साफेन्डास नावाच्या माणसाने सुऱ्याने भोसकून मारले. हा कोण? संसदेतलाच निरोप्या. त्याच्या नावाची फाईल सरकारदरबारी कधीपासून पडून होती. देशाबाहेर घालवायच्या माणसांतही त्याचे नाव होते. एका टेबलावर त्याला हद्दपार करायचा कागद आणि दुसऱ्या टेबलावर त्याला नोकरी द्यायचा. दोन टेबलांची भेट व्हायची राहिली, इतकेच. या फजितीचा निष्कर्ष काय काढला? आणखी मोठे खाते हवे. तुम्हीही चोरी झाली की वॉचमन बदलत नाही, कॅमेरे वाढवता. तुम्ही योग्य वाटेवर आहात.

३. ज्याच्यावर पाळत ठेवायची तो लपणारा असावा.

ही सूचना मुंबईच्या सीआयडीला कोणी दिली असती तर तिचे बरेच कष्ट वाचले असते. तिच्या वाट्याला आला गांधी नावाचा गृहस्थ. जानेवारी १९१५ मध्ये हा दक्षिण आफ्रिकेहून इंग्लंडमार्गे येऊन अपोलो बंदरावर उतरला. आठवडा पुरा व्हायच्या आत घाटकोपरकरांनी त्याचा जाहीर सत्कार केला. जाहीर! दिवस, वेळ, ठिकाण सगळे उघड. आता इथे साध्या वेशातल्या पोलिसाने करायचे काय?

पुढे तर कहर झाला. मिठाचा कायदा मोडायचा बेत या माणसाने २ मार्च १९३० रोजी स्वतः पत्र लिहून व्हाइसरॉयला कळवला, आणि ते पोचवायला एक इंग्रज तरुण पाठवला. खबऱ्यांच्या पोटावर पाय देण्याचा याहून क्रूर प्रकार इतिहासात सापडणार नाही. एप्रिलमध्ये विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला अशी मंडळी तिथे होती, जुहूच्या किनाऱ्यावर मीठ काढले जात होते आणि सारे दिवसाढवळ्या चालले होते. पार्ल्यातल्या हेराची अवस्था डोळ्यांसमोर आणा. त्याने जीव धोक्यात घालून मिळवलेली बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, आणि तीही जास्त तपशिलाने.

मात्र अशा नेमणुकीचे फायदेही असतात. आगाखान पॅलेसमधून ६ मे १९४४ रोजी सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला राहिले आणि तिथे त्यांनी ‘रामराज्य’ हा चित्रपट पाहिला. पाळतीवर कोणी असलाच, तर त्यालाही तो फुकट पाहता आला असणार, वर समुद्राची हवा. आजच्या जुहूत या दोन गोष्टींना काय पडते ते तुम्ही जाणता.

४. ऐका. मन लावून ऐका.

ऑगस्ट १९४२. सगळे मोठे नेते आत, वर्तमानपत्रांवर बंधने. अशात २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. बरोबर विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी अशी मंडळी. पोलिसांना चकवायला ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलत राहायचा. लोक ऐकत, पण भीतभीत, आवाज बारीक करून, मध्येच दार वाजले की बंद. एकही दिवस न चुकवता, कागद-पेन्सिल घेऊन, अक्षर न् अक्षर उतरवून घेणारा श्रोता एकच: सरकारी ऐकणारा.

१२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत छापा पडला. ठिकाण काही आकाशवाणीने कळले नव्हते, त्यांच्याच एका तंत्रज्ञाने दाखवले होते. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ साली सुटका झाली. आता गंमत ऐका. त्या रेडिओवर नेमके काय काय बोलले गेले हे आज आपण वाचू शकतो, ते पोलिसांच्या त्या टिपणांमुळे. उषा ठक्कर यांचे २०२१ सालचे या रेडिओवरचे पुस्तक त्याच कागदांवर उभे आहे. ज्यांना तो आवाज कायमचा बंद करायचा होता त्यांनीच तो जपून ठेवला, तारखेवार.

तेव्हा तुमच्या इमारतीतल्या ज्या बाईंचा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा प्रत्येक संदेश तुम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवता आहात, त्यांचे समग्र वाङ्मय तुमच्याच नावावर निघणार आहे. प्रस्तावनेची तयारी ठेवा.

५. दर आठवड्याला लिहा, काही घडले नसले तरी.

मुंबई इलाख्यातले पोलीस आठवड्याच्या आठवड्याला गुप्त बातम्यांचा गोषवारा छापत. सभा कुठे, वक्ते कोण, माणसे किती, बोलले काय. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचाही वेगळा साप्ताहिक अहवाल निघे, वर ‘गोपनीय’. मराठी पत्रे इतक्या निष्ठेने वाचणारा वर्ग पुन्हा झाला नाही. संपादकांनी खरे तर त्या खात्याची वर्गणी लावून घ्यायला हवी होती.

हे कागद पुढे सरकारनेच छापले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून मुंबई सरकारने सरकारी दप्तरांतून खंड काढायला १९५७ साली सुरुवात केली. गांधीजींवरच्या कागदांचे खंड आले. महाराष्ट्र सरकारने १९८२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातही पोलिसी दप्तरातला ऐवज आहे. एखाद्या गावी बाबासाहेबांची सभा झाली, स्थानिक पत्राने दखल घेतली नाही, कोणी फोटो काढला नाही. पण कोपऱ्यात एक हवालदार होता, त्याने आकडा टाकला, दोन ओळी लिहिल्या. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याला पगारवाढही मिळाली नसेल. अभ्यासक मात्र आज तळटिपेत त्यालाच टेकून उभे असतात.

नवशिक्यांनी म्हणून हात आखडता घेऊ नये. अक्षर सुवाच्य काढा. तुमच्या शत्रूच्या नातवंडांना वाचायचे आहे.

६. कलावंतांकडे विशेष लक्ष द्या.

विशेषतः घाटकोपरच्या चिरागनगरकडे. तिथल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे राहत. अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांचे लाल बावटा कलापथक गिरण्यांच्या दारात, वस्त्यांत तमाशे करी. मुंबई सरकारने त्यावर बंदी आणली. बंदी तमाशावर ना? मग आमचे हे ‘लोकनाट्य’, म्हणून खेळ पुढे चालू! बंदीहुकूम बजावायला आलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे, याचे उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही. अण्णा भाऊ १९६९ च्या जुलैत गेले. २००२ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. बंदीपासून तिकिटापर्यंत अर्ध्या शतकाचे अंतर धरून चाला आणि फाईलवर तसा शेरा मारून ठेवा, म्हणजे पुढच्याची पळापळ होणार नाही.

७. भूमिगतांना शोधताना घाई नको.

आणीबाणीत गोरेगावच्या मृणाल गोरे भूमिगत झाल्या. सगळ्या उपनगरांना तोंडओळख असलेली बाई, पाण्यासाठी हंडामोर्चे काढून ‘पाणीवाली बाई’ म्हणून घराघरांत पोचलेली. तिला लपायला जागा शोधावी लागली नसेल, नाही कोणाला म्हणावे हा प्रश्न पडला असेल. पोलिसांच्या हाती त्या लागल्या १९७५ च्या अखेरीस. सव्वा वर्षाने त्याच उपनगरी मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. लक्षात घ्या, ज्या बायकांना हिची खबर द्यायला सांगितले त्यांच्या नळाला पाणी हिनेच आणलेले. खबऱ्यांची भरती करण्याआधी नळाची चौकशी करा.

८. फोन ऐकायचा तर नाव दुसरेच घाला.

कायद्याची काळजी करू नका, तो टेलिग्राफचा कायदा १८८५ सालचा होता आणि शंभराहून अधिक वर्षे पुरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मध्येच येऊन सांगितले, की असे ऐकायला गृहसचिवाच्या पातळीची परवानगी हवी आणि नंतर समितीने ती तपासायला हवी. झाली का पंचाईत! यावर उपाय कसा निघू शकतो याचा नमुना २०२१ साली विधानसभेत ऐकायला मिळाला. काँग्रेसचे नाना पटोले यांनी तिथे आरोप केला, की २०१६-१७ मध्ये त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली ऐकला गेला. अशा आरोपांवरून गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्दही केले, तेव्हा यावर मी अधिक बोलत नाही. फक्त अभिनेते अमजद खान यांचे वास्तव्य वांद्र्याचे होते आणि ते १९९२ साली वारले, एवढी उपनगरी माहिती नवशिक्यांच्या सोयीसाठी देऊन ठेवतो.

९. पुस्तके मोजा.

वाचू नका, मोजा. अंधेरीतल्या एका कार्यकर्त्याच्या घराची ऑगस्ट २०१८ मध्ये झडती झाली. पुढे उच्च न्यायालयात जप्त मुद्देमालाच्या यादीवर चर्चा चालली असता ‘युद्ध आणि शांती’ नावाचे पुस्तक घरात कशाला, असा प्रश्न निघाला आणि टॉलस्टॉय एका दिवसात देशभर संशयित झाला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की ते टॉलस्टॉयचे नव्हतेच, जंगलमहालवरचे वेगळे पुस्तक होते, आणि अभिजात कादंबरी न्यायमूर्तींना ठाऊक आहे. मधल्या चोवीस तासांत मुंबईकरांनी आपापल्या कपाटांकडे ज्या नजरेने पाहिले ती तुम्हाला कमवायची आहे.

१०. पैसा.

गुप्त निधी ठेवा, त्यातून आपली बाजू घेणारे वर्तमानपत्र काढा. दक्षिण आफ्रिकेच्या माहिती खात्याने १९७६ साली असे एक इंग्रजी पत्र काढले. ब्युरोचे साहेबही त्या गोतावळ्यात होते. बिंग फुटले. फोर्स्टरना आधी पंतप्रधानपद आणि मग १९७९ साली राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले. ब्युरोचे काय? नाव बदलले. दोन वर्षांत पुन्हा बदलले. ही सूचना इथेच संपते, कारण सोसायटीच्या सिंकिंग फंडाबद्दल तुम्हाला शिकवणारा मी कोण?

११. अपघातांची नोंद.

इथे बऱ्याच होतकरूंचा हात कापतो. खाते गुप्तचरांचे असो की साध्या पोलिसांचे, कोठडीत माणूस गेला तर कागद कसा लिहायचा हे आलेच पाहिजे. अहमद तिमोल हा गुजराती वंशाचा शिक्षक जोहान्सबर्गच्या जॉन फोर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयात ऑक्टोबर १९७१ मध्ये दहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. सुरक्षा पोलिसांनी सांगितले, उडी मारली. १९७२ च्या चौकशीने मान डोलावली. मृत्यूनंतर शेहेचाळीस वर्षांनी, २०१७ साली, न्यायालयाने म्हटले, की हा खून होता.

तुमच्याकडे दहावा मजला नसेल तर दरी चालते. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरमध्ये बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात ख्वाजा युनूस या तरुण अभियंत्याला पकडले. जानेवारीत पोलिसांनी सांगितले, की त्याला नेत असताना गाडी पारनेरजवळ दरीत गेली आणि तो पळाला. तो पुन्हा कोणालाच दिसला नाही. सीआयडीच्या चौकशीनंतर चार पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. स्फोटाच्या खटल्यातले उरलेले आरोपी २००५ साली सुटले.

कागद मात्र दोन्हीकडे स्वच्छ, व्याकरणशुद्ध होते.

१२. शेवटी सगळे जाळा.

प्रिटोरियातल्या मंडळींनी ही शिस्त पाळली. बहुमताचे सरकार येणार हे नक्की झाल्यावर १९९३ साली त्यांच्या राष्ट्रीय गुप्तचर सेवेने, म्हणजे नाव बदललेल्या ब्युरोनेच, सहा-आठ महिन्यांत सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केली. पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या त्या कामी आल्या. म्हणून नेल्सन मंडेलांविषयी ब्युरोला काय वाटत होते यापेक्षा पार्ल्याच्या छावणीविषयी इंग्रज फौजदाराला काय वाटत होते हे शोधणे आज सोपे जाते. तुमच्याकडे भट्टी नाही. सोसायटीच्या गच्चीवर जाळाल तर अग्निशमन दल येईल आणि पंचनामा होईल, म्हणजे आणखी कागद. रद्दीवाल्याला देऊ नका. तो वजन करताना वरची चार पाने चाळतो आणि त्याचे दुकान स्टेशनच्या वाटेवर असते.

१३. निवृत्तीची तरतूद.

१९८० साली त्याच गुप्तचर सेवेचे प्रमुखपद नील बार्नार्ड या तिशीच्या प्राध्यापकाला मिळाले. पुढे तुरुंगातल्या मंडेलांशी गुप्त बोलणी करायचे काम याच्याकडे आले. ५ जुलै १९८९ रोजी मंडेलांना राष्ट्राध्यक्ष बोथांच्या भेटीला नेले. कोट-टाय नवे, बूट नवे, आणि सत्तावीस वर्षांच्या कैदेतल्या माणसाला बुटाच्या नाड्या नीट बांधता आलेल्या नव्हत्या. दार उघडायच्या आत गुप्तचर खात्याचा प्रमुख खाली वाकला आणि त्याने त्या बांधल्या. पाच वर्षांनी ते बूट राष्ट्राध्यक्षाचे होते.

तुमच्या यादीतले कोण कुठे पोचेल ते आज सांगता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा तो भाडेकरूसुद्धा उद्या पुनर्विकास समितीचा अध्यक्ष होऊ शकतो. खुर्चीत बसून माणसांचे पोट सुटते आणि ऐन वेळी वाकवत नाही. बोरिवलीचे नॅशनल पार्क पहाटे उघडते. तिथल्या फेरीनंतर पाठीचे व्यायाम सुरू करा, पायाचे अंगठे धरता आले पाहिजेत.